सांबारावर (कोथिंबिरीवर) ठिपके, कोबीचे पान कडेने पिवळे: घरच्या घरी काय करता येईल?

पत्र

आमचे अचलपूर तालुक्यात विहिरीवरचे ओलीत आहे. सहा गुंठे सांबार, पाऊण एकर पत्ताकोबी आणि चार गुंठे पालक आहे. कोजागिरीच्या मागेपुढे सांबाराच्या पानांवर काळपट ठिपके आले. मग कोबीची पाने कडेने पिवळी पडू लागली, काही ठिकाणी शिरा काळ्या दिसतात. पालकावरही गोल डाग आहेत. आंबट ताक, गोमूत्र आणि जीवामृत वरून फवारून झाले, ट्रायकोडर्माही टाकला. फरक नाही. दुकानदार स्ट्रेप्टोसायक्लिन घ्या म्हणतो. आम्हाला ते नको, कारण हीच भाजी घरी खातो आणि आठवडी बाजारात गिऱ्हाईक विश्वासाने नेते. लाईन (वीज) रात्री असते म्हणून स्प्रिंकलर रात्रीच चालतो. नैसर्गिक असे काय फवारावे?
एक कास्तकार, जि. अमरावती

उत्तर

भाऊ, तिन्ही भाज्यांवर एकच रोग आहे असे धरून तुम्ही चाललात, तिथेच पहिली गडबड झाली. तुमच्या वर्णनावरून सांबारावर जिवाणूंचे ठिपके आहेत. कोबीवर घाण्या रोग आहे, तोही जिवाणूंचाच, पण जिवाणू वेगळा. सांबाराचा कोबीला लागत नाही आणि कोबीचा सांबाराला. पालकावरचे गोल डाग मात्र बहुधा बुरशीचे आहेत. तेव्हा एकाच पंपात एकच औषध घालून तिन्ही वाफ्यांवरून फिरण्यात अर्थ नाही.

खात्री वावरातच करून घ्या. सकाळी सांबाराचे ठिपके असलेले पान उन्हाकडे धरून पाहा. जिवाणूचा ठिपका सुरुवातीला तेल लागल्यासारखा, पाणी मुरल्यासारखा अर्धपारदर्शक दिसतो. तो गोल नसतो. बारीक शिरांनी अडवल्यामुळे त्याला कोन येतात आणि पुढे तो तपकिरी-काळा होतो. पानाखाली कापसासारखी किंवा राखाडी बुरशी दिसत नाही. पालकाचा डाग गोल असेल, मध्ये राखाडी आणि कडेला लालसर-तपकिरी वर्तुळ असेल, तर ती सर्कोस्पोरा बुरशी. तिथे हे उत्तर लागू नाही. खालची डागी पाने खुडून बाहेर काढा, कापणी दोन-चार दिवस अलीकडे घ्या आणि पुढच्या वेळी विरळ पेरा, चार गुंठ्यांसाठी एवढे पुरते.

कोबीत ओळख आणखी सोपी आहे. पिवळा भाग पानाच्या कडेपासून आत शिरतो आणि इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. रुंद बाजू कडेला, टोक मधल्या शिरेकडे. त्या भागातल्या शिरा काळ्या पडतात. असे एक झाड उपटा आणि बुंधा आडवा कापा. आत काळे कडे दिसले तर शंका उरत नाही. गड्डा मऊ होऊन नाक धरावे असा वास येत असेल, तर घाण्याने पाडलेल्या वाटेने मऊ कुजीचा जिवाणूही आत गेला आहे.

रोग कडेनेच का शिरतो, हे कळले की पुढचे अर्धे काम कळते. रात्री हवेत ओल असते, मुळे पाणी ओढत राहतात आणि कोबीच्या पानाच्या कडेवरच्या बारीक छिद्रांतून थेंब बाहेर येतात. सकाळी कडेवर मण्यांची माळ दिसते ती सगळीच दहिवर नसते. पानावर पडलेले जिवाणू त्या थेंबात पोहतात, ऊन चढल्यावर थेंब आत ओढला जातो आणि त्याच्यासोबत तेही शिरेत जातात. लागण झाल्यापासून डाग दिसेपर्यंत आठ-पंधरा दिवस जातात. म्हणजे आज दिसतो तो डाग पंधरवड्यापूर्वीच्या ओलीचा आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. पानात शिरलेला जिवाणू मारून डाग नाहीसा करील असा नैसर्गिक फवारा नाही. ताक नाही, गोमूत्र नाही, लसणाचा अर्कही नाही. लसणाचा रस बशीत जिवाणू रोखतो हे खरे, पण वावरात तो पानाच्या आत पोचत नाही, आणि कडक केला तर कोवळे पान जळते. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे आणि तिचे काम जमिनीतल्या बुरशींवर चालते. मर, मूळकूज यासाठी ती चांगली, पण या रोगावर तिच्याकडून आशा ठेवू नका. निंबोळी अर्क किडीसाठी आहे. उड्या मारणारे भुंगेरे आणि अळ्या पानाला जखमा करतात, त्या कमी झाल्या की जिवाणूची एक वाट बंद होते, तेवढाच त्याचा इथे उपयोग.

जीवामृत वरून फवारणे मात्र आजपासून थांबवा. त्यात ताजे शेण असते आणि सांबार आपण कच्चाच वरणावर, पोह्यावर भुरभुरतो. शेणातले पोट बिघडवणारे जिवाणू पानावर बसले तर वरवर धुऊन सगळे निघतीलच असे नाही. जीवामृत द्यायचे तर पेरणीआधी जमिनीला, किंवा कोबीत सरीच्या पाण्यासोबत बुडाला. पानाला लागता कामा नये.

स्ट्रेप्टोसायक्लिन नको म्हणता ते योग्य आहे. ते माणसाच्या औषधातलेच अँटिबायोटिक आहे, वारंवार वापरले की जिवाणू त्याला दाद देत नाहीत, आणि तीस-चाळीस दिवसांत ताटात येणाऱ्या पाल्यावर त्याला जागा नाही.

मग हातात काय उरते? बी, पाणी आणि जखम. सगळ्यात आधी पाणी, कारण ते आज रात्रीच बदलता येईल.

रात्रीचा स्प्रिंकलर हाच तुमच्या वावरातला रोगाचा मोठा वाहक आहे. थेंब रोगट पानावर आपटून उडतो, जिवाणू शेजारच्या झाडावर नेतो, आणि नंतर पान सकाळी नऊ-दहापर्यंत ओलेच राहते. लाईन रात्रीच असेल तर ती तुमच्या हातात नाही, पण पाणी कुठून सोडायचे ते आहे. रात्री पाणी सरीने किंवा ठिबकने द्या, पान भिजले नाही तर रात्रीच्या ओलिताने बिघडत नाही. कोबीला एकाआड एक सरी भिजवली तरी भागते. सांबार-पालकाला स्प्रिंकलरशिवाय इलाज नसेल, तर दिवसा लाईन असते त्या पाळीत सकाळी दहाच्या सुमारास चालवा, म्हणजे दुपारपर्यंत पाने सुकतील. काळ्या भारी जमिनीत सपाट वाफ्यात पाणी तुंबते, म्हणून पुढचा सांबार 15 ते 20 सेंटीमीटर उंच गादीवाफ्यावर घ्या. बी फेकून न पेरता ओळींत पेरा, दोन ओळींत 20 सेंटीमीटर. दाट सांबार जुडीला भरघोस दिसतो खरा, पण त्याचा खालचा पाला दिवसभर सुकत नाही आणि ठिपके तिथूनच वर चढतात.

ओल्या पिकात शिरू नका. निंदण, खुडणी, कापणी, सगळे दव उडाल्यावर. आधी निरोगी वाफे, शेवटी रोगट. कोबीतली रोगट झाडे दुपारी उपटून पोत्यात भरा, ओढत नेऊ नका. ती धुऱ्यावर (बांधावर) किंवा नाल्यात टाकली तर पुढच्या पाण्यासोबत परत येतील. दीड फूट खोल खड्ड्यात पुरा. इळा रोगट ओळीतून निघाला की उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा. एक किटली सोबत ठेवली तर जमते.

आता बी. सांबाराचे ठिपके आणि कोबीचा घाण्या, दोन्ही बियाण्यातून येतात. तुमचे बी कुठले ते तुम्ही लिहिले नाही, पण किराणा दुकानातले धने पेरले असतील तर ते कोणत्या वावरातून आले हे कोणालाच सांगता येणार नाही. रोपवाटिकेत हजारो बियांमागे दोन-चार बिया रोगट असल्या तरी वरून पाणी मारल्याने रोग सगळ्या वाफ्यात पसरतो. यावर औषधाशिवायचा उपाय म्हणजे गरम पाणी. तो चोख करावा लागतो, अंदाजाने केला तर एकतर रोग राहतो किंवा बी मरते.

तापाचा थर्मामीटर चालणार नाही, तो 42 अंशांपुढे जात नाही. प्रयोगशाळेत किंवा डेअरीत वापरतात तो 100 अंशांचा घ्या. मोठ्या गंजात (पातेल्यात) किमान 10 लिटर पाणी हवे, कमी पाणी लगेच थंड होते. पाव किलो बी विरळ कापडाच्या पिशवीत अर्धीच पिशवी भरेल असे सैल बांधा, घट्ट गाठोड्यात मधले बी तापतच नाही. आधी पिशवी 38 अंशांच्या कोमट पाण्यात दहा मिनिटे धरा, मग गरम पाण्यात सोडा. पत्ताकोबीसाठी 50 अंश, 25 मिनिटे. फुलकोबी नाजूक, तिला 50 अंशांवर 20 मिनिटेच. सांबारासाठी 53 अंश, 30 मिनिटे. शेजारी उकळते पाणी ठेवा, पारा अर्धा अंश उतरला की वाटीभर कडेने ओतून ढवळा, पिशवीवर ओतू नका. पारा दोन अंश खाली राहिला तर जिवाणू वाचतात, दोन-तीन अंश वर गेला तर उगवण बसते. वेळ झाली की पिशवी लगेच स्वच्छ थंड पाण्यात पाच मिनिटे, मग बी सावलीत कापडावर पातळ पसरा.

सगळे बी एकदम घालू नका. आधी 100 दाणे प्रक्रिया करून आणि 100 तसेच, ओल्या गोणपाटात उगवून पाहा. जुने बी ही उष्णता सोसत नाही. कोबीच्या संकरित बियाण्यावर रंगीत लेप असेल तर ते गरम पाण्यात टाकूच नका, लेप धुऊन जाईल आणि बी महाग आहे. तिथे विक्रेत्याला विचारा की या बियाण्याची घाण्या रोगासाठी तपासणी झाली आहे का. सांबाराचे धने आधी अख्खे प्रक्रिया करा, वाळवा आणि मगच दोन भाग करा. फोडलेला धना गरम पाण्यात लवकर मरतो. आणि धने चपलेने रगडायची सवय सोडा. वावरात फिरून आलेली चपल प्रक्रिया केलेल्या बियाण्यावर घासली तर सकाळची सगळी मेहनत वाया. स्वच्छ फळी वापरा.

वाळलेल्या बियाण्याला पेरायच्या दिवशी स्यूडोमोनास फ्लुरोसन्स लावा, किलोला 10 ग्रॅम, चिकटण्यापुरते गुळाचे पाणी. अर्धा तास सावलीत ठेवून पेरा. हा जिवाणूच आहे, पण आपल्या बाजूचा: तो मुळाभोवती आणि पानावर जागा अडवतो, रोगाच्या जिवाणूला अन्न मिळू देत नाही आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. म्हणून तो आधी बसलेला हवा. रोग दिसल्यावर फवारला तर खुर्ची आधीच दुसऱ्याने धरलेली असते. जमिनीसाठी एकरी 1 किलो पावडर 50 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, ओलसर करून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि शेवटच्या वखरणीला टाका. पानांवर लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 75 ग्रॅम. सांबारात पहिली फवारणी 12 ते 15 दिवसांचे पीक असताना, दुसरी आठ-दहा दिवसांनी. कोबीत लागवडीनंतर दोन आठवड्यांनी सुरू करून अशा तीन. ऊन कलल्यावर फवारा, कारण उन्हात तो पानावर टिकत नाही. पावडरीतला शंखजिरे (टाल्क) नोझल तुंबवतो, म्हणून कापडातून गाळून घ्या. दुकानात पुडीवरची उत्पादनाची तारीख आणि एका ग्रॅममागे जिवंत जिवाणूंची संख्या छापलेली आहे का ते पाहा. टिनाच्या छपराखाली मे महिना काढलेली पुडी म्हणजे नुसते शंखजिरे, फुकट दिली तरी घेऊ नका.

स्यूडोमोनास आणि तांब्याचे औषध एकत्र किंवा लागोपाठ वापरले तर तांबे त्यालाही मारते. दोन्हींत किमान दहा दिवसांचे अंतर ठेवा.

तांब्याचा विषय निघालाच आहे, तर बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना. सेंद्रिय शेतीत ते मर्यादित स्वरूपात चालते, पण ते वनस्पतीचे औषध नव्हे आणि दरवर्षी मारले तर तांबे जमिनीत साचत जाते. आमचे मत: सांबार, पालक, मेथी यांवर अजिबात नको. पान निळसर डागाळते, कोवळ्या कडा करपतात आणि तेच पान बाजारात जाते. कोबीच्या रोपवाटिकेत आणि गड्डा धरायच्या आधी, फक्त रोग पसरू नये म्हणून, अर्धा टक्का चालेल. 10 लिटरसाठी 50 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 50 ग्रॅम चांगला कळीचा चुना विरवून दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत. मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता, उलटे नाही. घासलेला इळा क्षणभर बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, चुन्याची निवळी घालून पुन्हा पाहा. त्याच दिवशी संपवा. तुमच्याकडे संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो मलम लावतात, ते याच्या वीस पट घट्ट असते. तो उरलेला मलम अंदाजाने पातळ करून कोबीवर मारू नका.

कोबीच्या रोपांबद्दल एक सावधगिरी. लागवडीआधी रोपांची मुळे स्यूडोमोनासच्या पाण्यात, लिटरला 10 ग्रॅम, वीस मिनिटे बुडवतात. पद्धत चांगली, पण वाफ्यात चार रोपे रोगट असतील तर त्याच बादलीतून रोग सगळ्यांना मिळतो. आधी वाफा बसून नीट पाहा. कडेने पिवळी पडलेली रोपे विखुरलेली दिसली तर तो वाफा लावू नका, दुसरीकडून रोपे आणणे परवडेल.

खताचेही थोडे. युरिया ढोसलेल्या भाजीचा पाला लुसलुशीत होतो, जिवाणूला तो आवडतो. गुंठ्याला 100 ते 150 किलो पूर्ण कुजलेले शेणखत द्या. पानांचा रंग फिका वाटला तरच युरिया, तोही थोडा थोडा करून.

कोबीच्या त्या पाऊण एकरात पुढची दोन-तीन वर्षे कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी यांपैकी काही नको. जमिनीची शुद्धी म्हणून मोहरी पेरून गाडा, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. इतर काही रोगांत तो ठीक आहे, पण घाण्या रोग मोहरीलाही लागतो, म्हणजे पाहुण्याला जेवण वाढल्यासारखे. धुऱ्यावरची रानमोहरीही काढा. गड्डे निघाल्यावर बुंधे-पाने वखरून गाडा. हा जिवाणू मोकळ्या मातीत फार टिकत नाही, न कुजलेल्या बुंध्यात टिकतो. नंतर गहू, ज्वारी किंवा मका घ्या. मऊ कूज असलेल्या तुकड्यात कांदा-बटाटा नको, ती त्यांनाही लागते.

रोपवाटिकेच्या जागेसाठी आपल्याकडचा उन्हाळा कामी लावा. एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत वाफा भुसभुशीत करून भरपूर भिजवा आणि 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून अंथरा, चारही कडा मातीत दाबा. चार ते सहा आठवडे तसाच ठेवा. काळा कागद घेऊ नका, त्यातून ऊन मातीपर्यंत जात नाही. कोरड्या मातीत उष्णता खाली उतरत नाही, म्हणून भिजवणे टाळू नका. कागद काढल्यावर खोल खणू नका, खालची न तापलेली माती वर येते. वरची चार बोटे हलवून पेरा.

आज उभ्या असलेल्या पिकाचे असे करा. सांबार तीस दिवसांचा झाला असेल तर वाट पाहू नका. कमी ठिपक्यांचे वाफे आधी कापा, दुपारनंतर, पान कोरडे असताना. बाजारासाठी जुड्यांवर नाल्याचे पाणी शिंपडू नका, ओली जुडी पोत्यात रात्रभर दाबून ठेवली की सकाळी मधून काळी निघते. धुवायचीच तर विहिरीच्या ताज्या पाण्याने, आणि उभ्या जुड्या निथळल्यावरच भरा. ठिपके असलेला पाला खाल्ल्याने हा रोग माणसाला होत नाही, पण डागी पाने निवडून काढली तर भाव टिकतो. ठिपक्यांनी भरलेले वाफे आठ दिवस सांभाळून हाती काही येणार नाही. उपटा, पुरा आणि ती जागा गव्हाला सोडा.

कोबीत दहातली एक-दोन झाडे रोगट असतील तर ती काढून, स्प्रिंकलर बंद करून बाकीचे पीक निघते. अर्धी झाडे गेली असतील तर पुढचा खर्च थांबवा, जे गड्डे आतून पांढरे आहेत ते लहान असले तरी काढून विका. विकण्याआधी चार-पाच गड्डे बुंध्याशी कापून पाहा. काळे कडे दिसणारा गड्डा साठवणुकीत दोन-तीन दिवसांत वास मारतो, तो त्याच दिवशीच्या बाजारात द्या किंवा देऊच नका.

तरीही शंका वाटली तर नमुना जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. नुकतेच डाग पडू लागलेले झाड मुळासकट घ्या, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात ते वाटेतच सडते. फवारणी करण्याआधीचा नमुना हवा, आणि सोबत चिठ्ठीवर बी कुठले, पाणी कसे आणि आतापर्यंत काय काय मारले ते लिहा.